१३ मार्चला लिहिलं, १० ऑगस्टला वाचलं

माझ्या पीएच.डी.चं नोटिफिकेशन, म्हणजे डिग्री मिळाल्याचं पत्र, आल्यापासून आठवड्यात दोन तरी फोन येतात. "मॅडम, पार्ट टाइम खरंच होतं काय?" "लॅब नसताना डिव्हाइस कुठं केलंत?" "एकूण खर्च किती आला?" प्रत्येकाला तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मी बेळगावच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. माझा विषय नॉन-व्होलाटाइल मेमरी, म्हणजे लाइट गेली तरी लिहिलेलं विसरत नाही ती मेमरी. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट इतक्या वेळा जाते की घरच्यांना विषय समजावताना उदाहरण शोधावं लागलं नाही.

कॉम्प्युटरची नेहमीची मेमरी, डीरॅम, अगदीच विसरभोळी. तिच्याकडून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी सगळ्याची उजळणी करून घ्यावी लागते, पाढे घोकल्यासारखी. पेनड्राइव्ह आणि मोबाइलमधली फ्लॅश त्या मानाने पक्की. १९६७ मध्ये बेल लॅब्जमध्ये काहंग आणि झे यांनी तरंगत्या गेटची कल्पना मांडली, आणि तोशिबात फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात तिच्यातून फ्लॅश उभी केली. इलेक्ट्रॉन ऑक्साइडच्या भिंतीआड कोंडून ठेवायचे, एवढंच तत्त्व. पण प्रत्येक वेळी लिहिताना-पुसताना ती भिंत थोडी झिजते. मी काम केलं ते तिसऱ्याच जातीच्या मेमरीवर. तिचं नाव रेझिस्टिव्ह मेमरी.

माझं आजोळ खानापूर तालुक्यात. तिथे ओढ्यावर लाकडाचा साकव असायचा. माझं डिव्हाइस म्हणजे तो साकव समजा. खाली काचेवरचा वाहक थर, वर चांदीचा ठिपका, मध्ये झिंक ऑक्साइडचा पातळ पापुद्रा. व्होल्टेज दिलं की चांदीचे आयन पापुद्र्यात शिरतात, त्यांची एक बारीक तार तयार होते आणि करंट पलीकडे जातो. हा झाला 'एक'. उलटं व्होल्टेज दिलं की तार मध्येच तुटते. तो 'शून्य'. साकव पहिल्यांदा बांधायला जास्त कष्ट पडतात, नंतर वाहून गेलेल्या दोन फळ्या बसवल्या की भागतं. तसंच पहिल्या वेळी, ज्याला आम्ही फॉर्मिंग म्हणतो, व्होल्टेज जास्त लागतं, पुढच्या वेळी कमी. वीज बंद केली तरी साकव आपल्या जागी असतो, म्हणून ही मेमरी.

आता प्रक्रियेकडे येते. २०१७ च्या पावसाळ्यात प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला. अभ्यासापेक्षा कागदांनी दमवलं. माझ्या जुन्या मार्कशीटवर गावाचं नाव 'बेलगाम', १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर 'बेळगावी', आणि आम्ही म्हणतो बेळगाव. त्यात आडनाव एका कागदावर मराठी उच्चाराप्रमाणे, दुसऱ्यावर कानडीतून इंग्रजीत गेलेलं. शिवाय लग्नानंतरचं आडनाव तिसरंच. खिडकीपलीकडचे गृहस्थ प्रेमळ होते, पण त्यांचं उत्तर ठरलेलं: "नाळे बर्री, मॅडम." उद्या या. चौथ्या 'उद्या'ला त्यांनीच सांगितलं की तिन्ही नावं एकाच बाईची आहेत असं अॅफिडेव्हिट करून आणा. नोटरीसकट ६०० रुपयांत काम झालं. ते करताना एकाऐवजी चार प्रती करून घ्या. मला पुढे सात वर्षांत चारही लागल्या.

परीक्षा, मुलाखत, गाइड मिळणं यात सहा महिने गेले आणि जानेवारी २०१८ मध्ये रजिस्ट्रेशन झालं. कोर्सवर्कबद्दल सांगण्यासारखं काही नाही. शनिवार-रविवार केलं, पास झाले. एक गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात करा: तुमच्या रजिस्ट्रेशनच्या तारखेला लागू असलेले नियम छापून फाइलला लावून ठेवा. यूजीसीचे २०१६ चे नियम वेगळे, २०२२ चे वेगळे. मला २०१६ चे लागले. त्यात कमाल मुदत सहा वर्षं आणि बायकांना दोन वर्षं जादा होती. ही जादा वर्षं आहेत हे मला ऑफिसातून कोणी सांगितलं नाही, मी वाचलं म्हणून कळलं.

खरी अडचण सामानाची होती. कॉलेजात क्लीनरूम, म्हणजे धूळ येऊ न देणारी खोली, नाही, असायचं कारणही नाही. म्हणून क्लीनरूमशिवाय जमेल अशी सोल-जेल पद्धत निवडली: झिंक अॅसिटेटचं द्रावण करायचं, काचेवर टाकायचं, काच गरगर फिरवायची, तापवायची, आणि हे सहा वेळा. फिरवायला स्पिन कोटर लागतो. नवा घ्यायचा तर दीड लाखाचं कोटेशन आलं. आम्ही मोडक्या हार्ड डिस्कची मोटर काढली. वर काच धरायला चकती हवी होती, ती बाबांनी करून दिली.

बाबा उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, तीस वर्षं टर्नर होते. निवृत्तीनंतरही ओळखीच्या वर्कशॉपवर जाऊन बसायचे. त्यांना चकतीचं चित्र दाखवलं तर म्हणाले, "ह्यात काय हाय? दुपारी घेऊन जा की." दुपारी ॲल्युमिनियमची सुरेख चकती मिळाली. पण काचेवर थर काही एकसारखा येईना. चांगला थर आला की काचेवर एकच फिकट रंग दिसतो. माझ्या काचेवर डबक्यात रॉकेल सांडल्यासारखे रंगीत पट्टे. आठवडाभर मी द्रावण बदलत बसले. शेवटी बाबा स्वतः डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक, घेऊन कॉलेजात आले, चकतीच्या कडेला टेकवून हाताने हळूच फिरवली. काटा दहा घरं हलला. "रनआउट हाय गं. दहा सौ." सौ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, तर फिरताना चकती मिलिमीटरच्या दहाव्या भागाने डगमगत होती. दोष चकतीत नव्हता, मोटरवर ती बसवताना मी स्क्रू एकाच बाजूने आवळला होता. त्यांनी तीन स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळले, काटा एका घरावर आला, आणि त्या दिवशी पहिली सरळ काच मिळाली. माझ्या थीसिसमध्ये आभाराच्या पानावर डायल गेजचा उल्लेख आहे तो यासाठी.

पहिलं डिव्हाइस मी पाच सेकंदांत जाळलं. सोर्समीटरवर, म्हणजे व्होल्टेज देऊन करंट मोजणाऱ्या यंत्रावर, करंटची मर्यादा, कंप्लायन्स, लावायची राहिली. मर्यादा नसेल तर तार जाडजूड होते आणि खालचा पापुद्राच फुटतो. मायक्रोस्कोपखाली चांदीच्या ठिपक्यात भोक, भोवती काळी कड, जाळलेल्या पापडासारखी. नवख्यांनी एक मिलिअँपिअरच्या खालूनच सुरुवात करावी, आणि बटण दाबण्याआधी ती मर्यादा मोठ्याने वाचावी. मी अजून वाचते, विद्यार्थी हसतात.

डिसेंबर २०१८ मध्ये स्क्रीनवर करंट-व्होल्टेजच्या आलेखाचा इंग्रजी 8 सारखा वळसा, म्हणजे डिव्हाइस 'एक'-'शून्य' करतंय याची खूण, पहिल्यांदा नीट उमटला. वाटलं, चला, आता वर्षभरात रिसर्च पेपर.

मग जून आला. एप्रिल-मेमध्ये दहातली आठ डिव्हाइसं चालत होती, जुलैत तीनसुद्धा चालेनात. बाकीची 'एक'वर जाऊन अडकायची, काही केल्या 'शून्य' होईनात. मी स्वतःला दोष देत राहिले. नवं झिंक अॅसिटेट मागवलं, काच पुन्हा पुन्हा धुतली, भट्टीचं तापमान तपासलं. रात्री पोराला झोपवताना डोक्यात तेच.

उत्तर मिळालं ते ऑगस्ट २०१९ च्या पुरात. एक्स-रे चाचणीसाठी मी काही काचा कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठात नेल्या होत्या. चाचणी झाली, काचा मैत्रिणीकडे ठेवून मी परतले, दोन दिवसांनी ती येणार होती. तेवढ्यात पंचगंगा चढली, हायवे बंद झाला. नऊ दिवस काचा तिच्या कपाटावर उघड्या डबीत राहिल्या. परत आल्यावर पाहिलं तर सगळ्याच्या सगळ्या 'एक'वर अडकलेल्या. त्याच दिवशी केलेल्या त्यांच्या बहिणी माझ्याकडे डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, होत्या, त्या बहुतेक ठीक.

सरांना, म्हणजे माझ्या गाइडना, दोन्ही दाखवल्या. सर मूळचे धारवाडचे, मोजकं बोलतात. त्यांनी माझी वही चाळली आणि विचारलं, "दीड वर्ष बघतोय ही वही. पाऊस कुठंय ह्यात?"

खरंच नव्हता. द्रावण, वेळ, तापमान, व्होल्टेज, सगळं लिहिलेलं. हवेतला दमटपणा कुठेच नाही. बेळगावात राहून! दुसऱ्या दिवशी ४५० रुपयांचं हायग्रोमीटर आणलं आणि वहीत एक रकाना वाढवला. महिन्याभरात चित्र दिसू लागलं: ओलाव्यात चांदीचे आयन सहज सुटतात आणि सहज सरकतात, तार कमी व्होल्टेजला तयार होते पण जाड होते, मग तुटत नाही.

मी हुरळून गेले. चार दिवसांनी शोधताना कळलं की ऑक्साइडमधल्या अशा स्विचवर ओलाव्याचा परिणाम जपानमधल्या एका गटाने २०१२ मध्येच छापलेला आहे. दोन दिवस मी वही उघडली नाही. सर म्हणाले, "त्यांनी त्यांच्या मटेरियलवर पाहिलं. तुमच्या झिंक ऑक्साइडवर, सोल-जेलवर कोण पाहणार?" एवढ्यावर माझा तिसरा चॅप्टर उभा राहिला. छोटा आहे, पण माझा आहे.

आता शीर्षकातल्या तारखा. १३ मार्च २०२०, शुक्रवार. दुपारी वीस डिव्हाइसांवर 'एक' लिहिला, लिहिलेलं किती टिकतं त्याची दहा हजार सेकंदांची चाचणी सोमवारी लावू म्हणून डेसिकेटरमध्ये ठेवली. दहा हजार सेकंद म्हणजे पावणेतीन तास. या क्षेत्रात तेवढ्यावर रेघ पुढे ओढून 'दहा वर्षं टिकेल' असं म्हणायची पद्धत आहे, ती मला कधीच फारशी पटली नाही. संध्याकाळी बातमी आली की उद्यापासून कॉलेजं बंद. आठवडाभर म्हणाले. मग लॉकडाउन. ऑनलाइन क्लास, घरातली माणसं, सासूबाईंचं बीपी, पोराची शाळा मोबाइलवर. लॅब आठवायलाही वेळ नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगते.

१० ऑगस्टला प्राचार्यांच्या परवानगीचं पत्र घेऊन लॅबमध्ये गेले. अटेंडर मामांनी कुलूप उघडलं, आत कोंदट वास. टेबलावर बुरशी. डेसिकेटरच्या तळाला ठेवलेलं सिलिका जेल निळं असतं, ओलावा पिऊन पिऊन ते गुलाबी झालं होतं. म्हणजे आतली हवाही कोरडी राहिली नव्हती. झाकण घट्ट बसलेलं, मामांनी आणि मी मिळून सरकवलं. सोर्समीटर तापू दिला. वाचायचं व्होल्टेज अगदी कमी, ०.१ व्होल्ट, म्हणजे वाचताना लिहिलं जाऊ नये. पहिलं डिव्हाइस: 'एक'. दुसरं: 'एक'. तिसरं गेलेलं. मामा खुर्ची ओढून बसले आणि कागदावर बरोबर-चूक खुणा करू लागले. वीसपैकी तेरा डिव्हाइसांना दीडशे दिवसांनंतर आठवत होतं. मामांनी विचारलं, "मॅडम, पास झाली म्हणायची की नापास?" पासष्ट टक्के. पेनड्राइव्ह असा असता तर लोकांनी दुकानदाराच्या अंगावर फेकला असता. पण मला त्या दिवशी भरून आलं.

(हे पुढे समजलं: या पाच महिन्यांतलं तापमान आणि दमटपणा नोंदलेला नसल्यामुळे हा डेटा मुख्य चॅप्टरमध्ये घेता आला नाही, परिशिष्टात गेला. नोंद करणारं यंत्र दोन हजारांत मिळतं. घ्या.)

२०२१ मध्ये आणखी एक गंमत. कोल्हापूरहून परत येताना कर्नाटकच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यावर, ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर लागायचा. काचांची तपासणी कोल्हापुरात, माझी बेळगावात. एकदा रिपोर्टची वेळ दोन तासांनी उलटली म्हणून नाक्यावर तासभर उभं राहावं लागलं. सीमाभागात राहणाऱ्याला दोन्हीकडचे नियम पाठ असावे लागतात, यात नवीन काही नाही.

पेपरांबद्दल. पहिला पेपर एका जर्नलकडून अकराव्या दिवशी परत आला, रिव्ह्यूअरकडे, म्हणजे तपासणाऱ्या तज्ज्ञांकडे, न जाताच. दुसऱ्या जर्नलने तो साडेचार महिने ठेवून घेतला आणि लिहिलं की शंभर वेळा लिहून-पुसून दाखवलंत, एवढ्यावर काय कळणार? राग आला, पण बरोबर होतं. दहा हजार फेऱ्यांची चाचणी लावली, तिला यूपीएस लागला, तो नवऱ्याने त्याच्या ऑफिसातला जुना आणून दिला. तिसऱ्या ठिकाणी दोनदा दुरुस्त्या करून २०२२ च्या शेवटी स्वीकारला गेला. दरम्यान व्हॉट्सअॅपवर '१५,००० रुपयांत सात दिवसांत पेपर' असे मेसेज यायचे. दमलेल्या माणसाला मोह होतो, मलाही झाला. सरांना विचारलं, त्यांनी फक्त चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

ज्यांच्या कॉलेजात काहीच नाही त्यांनी इन्यूपची चौकशी नक्की करा. इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्रॅम हा केंद्र सरकारच्या मदतीने चालतो, आणि बेंगळुरूची आयआयएससी, आयआयटी मुंबई अशा ठिकाणच्या नॅनोफॅब, म्हणजे अतिसूक्ष्म डिव्हाइसं करायच्या, सुविधा बाहेरच्या संशोधकांना उघडून देतो. आधी ओळखीची कार्यशाळा, मग हाताने करायचं प्रशिक्षण, मग तुमचा प्रस्ताव. मला हे चौथ्या वर्षी कळलं, तुम्ही पहिल्या वर्षी अर्ज करा. बेंगळुरूला रात्रीच्या रेल्वेने गेले. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालून पिवळ्या उजेडाच्या खोलीत उभी राहिले, तेव्हा मला आमच्या लॅबची खिडकी आठवली, जिला मी टॉवेल लावायची. तिथे केलेल्या डिव्हाइसांमुळे तुलनेला आधार मिळाला. हाच तो आधार, जो व्हायव्हात, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, कामी आला.

२०२३ च्या जूनमध्ये कलोक्वियम, म्हणजे थीसिस देण्याआधीचं सादरीकरण, सप्टेंबरमध्ये थीसिस. साम्य तपासणीत पहिल्यांदा १७ टक्के आले आणि पोटात गोळा आला. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत चालतं. बघितलं तर बराचसा भाग माझ्याच छापलेल्या पेपरांशी जुळत होता. गाइडच्या सहीचं पत्र जोडून ते वगळता येतात. पुन्हा तपासल्यावर आठ.

मग वाट. एका परीक्षकाचं उत्तरच येईना. पाच महिन्यांनी कळलं की यादीतलं पुढचं नाव घ्यावं लागणार. या काळात दर सोमवारी ऑफिसला फोन करायचा, आवाज न चढवता, आणि ज्यांच्याशी बोललो त्यांचं नाव व तारीख वहीत लिहायची. आठव्या महिन्यात दोन्ही रिपोर्ट आले.

व्हायव्हा जून २०२४. भीती होती तोच प्रश्न आला: "इंटेल आणि मायक्रॉनने २०१५ मध्ये एवढा गाजावाजा करून थ्रीडी क्रॉसपॉइंट आणली. मायक्रॉन २०२१ मध्ये बाहेर पडली, इंटेलने २०२२ मध्ये ऑप्टेन गुंडाळली. मग तुमची ही मेमरी कशासाठी?" थ्रीडी क्रॉसपॉइंट हीसुद्धा लाइट गेली तरी न विसरणारी, फ्लॅशपेक्षा वेगळी मेमरी, आणि ऑप्टेन हे तिचं इंटेलच्या बाजारातलं नाव. मी म्हटलं, पेनड्राइव्हच्या जागी नाही. फ्लॅशशी किमतीत बरोबरी होणार नाही. पण कंट्रोलर चिपच्या पोटात मेमरी बसवायची असते तिथे, २८ नॅनोमीटरच्या खाली, फ्लॅश बसवणं अवघड आणि महाग होतं. तिथे रेझिस्टिव्ह आणि मॅग्नेटिक मेमरीला जागा आहे. आणि माझं काम म्हणाल तर त्यातला एवढासा तुकडा: ओलावा काय करतो. दुसऱ्या परीक्षकांनी परिशिष्ट उघडलं, दीडशे दिवसांचा तक्ता पाहिला आणि विचारलं, "ह्या खुणा कोणाच्या अक्षरातल्या?" मूळ कागदाचा फोटो मी तसाच लावला होता. अटेंडर मामांच्या, म्हटलं. ते हसले.

ऑगस्टमध्ये नोटिफिकेशन. वर्षाची फी, परीक्षा, थीसिसची फी, केमिकल, काचा, चाचण्या, प्रवास धरून माझ्या हिशेबाच्या वहीत चार लाख वीस हजार रुपये दिसतात. पगारातून साडेसहा वर्षांत. कर्ज काढलं नाही, पण त्या काळात सोनंही घेतलं नाही.

स्पिन कोटर आता ज्युनियर मुलीकडे आहे. बाबांची चकती तीच. परवा ती म्हणाली, पट्टे येताहेत. तिला सांगितलं, द्रावण बदलू नकोस, आधी तीन स्क्रू बघ, आळीपाळीने आवळायचे.